अक्षर नको, खण सांग

बुधवारी दुपारी माझं पान तिसऱ्यांदा गायब झालं. हात थरथरला, माऊस घसरला, भलतीच खिडकी वर आली आणि टाईप केलेलं तिच्याखाली गेलं. मागे खालिदभाई उभे होते. इथे तेलुगू मुलखात, सुलतान बाजारात आमचं छपाईचं दुकान आहे, ते त्यांचं.

"काकाजी, ऐसा कैसा चलता?" ते म्हणाले. "मराठी मंडळवाल्यांना स्मरणिका शनिवारी पाहिजे. जमत नसेल तर साफ बोला. मराठीचं काम मी पुण्याला पाठवतो."

मराठीचं काम गेलं म्हणजे मी गेलो. दुकानात मराठी टाईप करणारा मी एकटा. आणि घरी बसून करू काय? घरात कोणी नाही.

मी चौथी नापास. इथल्याच नारायणगुड्यात एका प्रेसमध्ये खिळे जुळवायला लागलो तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलून ओळ बांधायची. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तोही शिकलो. मग उजव्या हाताला कंप सुरू झाला. बटनं ठोकता यायची, माऊस धरवेना. तेव्हा माझी बायको सुमन दुकानात येऊन शेजारी बसायला लागली. कीबोर्ड माझा, माऊस तिचा. पाच वर्षं असं चाललं. खालिदभाईंनी तिच्यासाठी हातांची खुर्ची आणली होती. सुमनला जाऊन आठ महिने झाले. त्या खुर्चीवर त्यांनी अजून कोणाला बसू दिलेलं नाही. मी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी आबिड्सहून विजयम्माला बोलावलं. दुकानाचे कॉम्प्युटर तीच दुरुस्त करते. तेलुगू बाई, पंचेचाळिशीची, तोंडाने फटकळ. म्हणून आमचं जमतं. आली, खुर्ची बघितली आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसली.

"अंकल, माऊस काढून टाकू?"

"मग काय फुंकर मारून चालवू?"

कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी सिस्टीम, होतीच. तिने त्यावर टायलिंग विंडो मॅनेजर बसवला. सोप्या भाषेत सांगतो. नेहमीच्या कॉम्प्युटरवर खिडक्या एकमेकींवर पडतात, पत्ते टाकल्यासारख्या. ह्यात त्या शहाबादी फरशीसारख्या शेजारी शेजारी बसतात. कोणी कोणाच्या खाली जात नाही. एका खिडकीतून दुसरीत जायला दोन बटनं एकदम दाबायची, बस. कोणतं बटन दाबलं की काय व्हावं, ते एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं. तिला कॉन्फिग म्हणतात.

डावीकडे मूळ कागदाचा फोटो, उजवीकडे माझं टायपिंग. ज्या खिडकीत आपण आहोत तिला जाड पिवळी कड. कड मी मागून घेतली, माझे डोळे अधू आहेत. इथपर्यंत ठीक होतं. मग मी हट्ट केला.

"मला इंग्रजी लागत नाही. कीबोर्ड फक्त मराठी ठेव."

तिने ठेवला आणि खिडक्या बदलणारं एकही बटन चालेना. फाईलमध्ये तिने लिहिलं होतं, एच दाबलं की डावीकडची खिडकी. पण माझ्या कीबोर्डवर एच उरलाच नव्हता. तिथे प होता.

"इंग्रजी पण राहू द्या अंकल. बदलत जा."

"बदलायचं मी विसरतो. मग अर्धं पान इंग्रजीत ठोकून बसतो."

"तुम्ही विसरणार, आणि माथा माझा खराब."

दुपारपर्यंत तिने चार प्रकार करून पाहिले. एकही लागू पडला नाही. चहा आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला खिळ्यांची केस सांगितली. केस म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी. एका खणात एक अक्षर. खणावर नाव नसायचं. हात न बघता खणाकडे जायचा. मराठीची केस असो की इंग्रजीची, खण जागचा हलत नव्हता.

"तू त्याला अक्षर कशाला सांगतेस?" मी म्हणालो. "खण सांग."

तिने कप खाली ठेवला. "अंकल, हर बटनाला नंबर असतो. अक्षर काहीही येऊ दे, नंबर तोच."

"मग सकाळपासून काय करत होतीस?"

"तुमचं ऐकत होते."

फाईलमध्ये तिने एच खोडून त्या बटनाचा नंबर लिहिला, त्रेचाळीस. बाकीच्या अक्षरांचंही तसंच केलं. मी बटनं दाबली. पिवळी कड डावीकडच्या कागदावर गेली. परत दाबली, माझ्या पानावर आली. पान होतं तिथेच होतं.

शनिवारी स्मरणिका गेली. खालिदभाई गठ्ठा बांधताना एवढंच म्हणाले, "पुणे-विणे नक्को अब."

दोघांचे आभार मी मानले नाहीत. तोंडाने मला ते येत नाही, म्हणून इथे लिहितो. खालिदभाईंनी मला घरी पाठवलं असतं तर चूक त्यांची नव्हती. त्यांनी पाठवलं नाही.

बाकी एवढं कळलं. कोणी शिकवायला आलं तर आपल्याला काय येतं ते आधी सांगावं. मी हट्ट आधी सांगितला. अर्धा दिवस फुकट गेला.