करपलेल्या साखरेचा वास

दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी सव्वादहा: माझी पाच दिवसांची भाची दूध ओढत नाही, अशी लेखी तक्रार मी प्रसूती वॉर्डात दिली. "पोरगी आळशी आहे, मामावर गेली असेल," असे म्हणून सिस्टरने तो कागद फायलीखाली सरकवला. त्याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

मदत धावून आली ती रुग्णालयाच्या तळघरातून. तिथल्या लाँड्रीत बावीस वर्षे कपडे धुणाऱ्या मावशींना सगळे 'नाकवाली' म्हणत. गाठोडे सुटले की त्या आधी हुंगत. कोणते कापड उकळायचे, कोणते नुसते साबणात घालायचे, हे नाकाने ठरवत. त्या दुपारी आमच्या खाटेच्या लंगोटांना करपलेल्या साखरेचा वास आला.

त्याच्या बारा वर्षे आधी एका बाळाचे लंगोट धुताना हाच वास आला होता, तेव्हा कपडे वाळवायचे मशीन जळते आहे असे समजून त्यांनी मेकॅनिकला बोलावले होते. दोन दिवसांनी त्या बाळाचे लंगोट येणेच थांबले. ते बाळ दगावले होते आणि वास त्याच्या लंगोटांचाच होता, हे त्यांना मागाहून कळले.

या वेळी मशीनकडे न पाहता, ओला लंगोट पिशवीत कोंबून त्या तीन मजले धावत चढल्या.

"मावशी, हे काय वर आणलंत? शी!" सिस्टर ओरडली.

"शी नाही, शू आहे. हुंगा!"

"तुम्ही काय डॉक्टर झालात?"

"नाही ना झाले! म्हणून तर डॉक्टरीणबाईंना शोधतेय. सरका बाजूला!"

तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवी हुंगली मात्र, त्या बाळाकडे पळतच सुटल्या. मागे मावशी, त्यांच्यामागे मी! रक्त तपासणीला गेले, दूध थांबले, सलाइन लागले. प्रथिनांतले काही घटक मोडणारे एन्झाइम तिच्या शरीरात पुरेसे नव्हते. आईबापांना स्वतःला काही त्रास नसताना दोघांकडून वारशाने आलेला हा दोष! ते घटक साचून लघवीला करपलेल्या साखरेचा वास देत होते आणि मेंदूत विषासारखे भिनत होते. खास बनवलेले दूध मागवले गेले, आणि चौथ्या दिवशी पोरीने असा टाहो फोडला की वॉर्ड दणाणला.

"आळशी म्हणे!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

आज ती तीन वर्षांची आहे. मापून जेवते, न मापता भांडते.

वाचकहो, प्रत्येक तळघरात अशी मावशी नसते. जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन अशा आजारांची तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच व्हावी, अशी मागणी आपापल्या रुग्णालयाकडे आजच लेखी करा. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.