नग आणि नाव

जनावराला हात लावण्याआधी काका उजवा तळवा शर्टाच्या पोटावर दोनदा पुसायचे आणि मालकाला म्हणायचे, "आधी नाव सांग." मालक बिचारा स्वतःचं नाव, बापाचं नाव, पाडा, सगळं सांगू लागायचा. "तुजं नाय रे. हिचं," असं म्हणत काका गायीकडे बोट करायचे. नाव कळलं की तिच्या कानाशी एकदा हाक मारायचे आणि मगच जखम धुवायला बसायचे.

धसईकडच्या ढोरांच्या दवाखान्यात ते कामाला होते. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा व्रणोपचारक असा होता, पण तो उच्चारण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

मी तिथे पोचलो तो जर्मन भाषेच्या जोरावर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वाशिंदहून डोंबिवलीला जाऊन मी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, त्यातली दुसरी काठावर पास. एवढ्या भांडवलावर एका संस्थेने मला दुभाषा नेमलं, कारण त्यांच्याकडे जर्मनीहून गुरांचे एक डॉक्टर दोन महिन्यांसाठी येणार होते. ते डॉक्टर उत्तम इंग्रजी बोलत आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही इंग्रजी येत असे. मग माझी गरज काय, हा प्रश्न सुदैवाने कोणी विचारला नाही. मी तर मुळीच नाही.

काम नसलं की माणूस शिकवायला लागतो. एका दुपारी मी काकांना जर्मनमध्ये गुरांना काय म्हणतात ते सांगत बसलो. शब्द 'फी'. नुसतं जनावर म्हणायचं तर वेगळा शब्द, त्यात चिमणीपासून हत्तीपर्यंत सगळे येतात. 'फी' म्हणजे माणसाने पाळलेली गुरं, सगळी मिळून. या शब्दाचं अनेकवचन होत नाही, आणि त्यातलं एकच दाखवायचं असेल तर 'फीचा एक नग' असं म्हणतात. कोणी राक्षसासारखा वागला तर त्यालाही हाच शब्द शिवीसारखा लावतात. डोंबिवलीच्या बाईंनी ऐकलं असतं तर माझे मार्क वाढवले असते, अशा थाटात मी बोलत होतो.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "एक नग," ते पुटपुटले. मग म्हणाले, "त्यांच्याकडं गुरं लय असतील. आमची थोडी, म्हनून नावं पुरतात."

मला त्यात अडाणीपणा दिसला. काय सांगू, तेव्हा मला सगळीकडेच तो दिसायचा, आरसा सोडून.

मग जवळच्या एका पाड्यावर गोऱ्ह्यांना खच्ची करण्याचं शिबिर ठरलं. खच्ची केल्यावर गोऱ्हा नांगराचा बैल होतो. आदल्या दिवशी मी एकटा पाड्यावर गेलो आणि ज्यांना खच्ची करायचं होतं त्या नऊ गोऱ्ह्यांच्या गळ्यात पिवळे पत्र्याचे बिल्ले बांधून आलो. बिल्ल्यावर नंबर, माझ्या वहीत नंबर. काकांनी वहीत नावांचा रकाना ठेवायला सांगितलं होतं, तो मी खोडला. बिल्ला कशासाठी ते लोकांना समजावण्याची तसदीही घेतली नाही. त्यांना काय कळणार, हा माझा विचार.

पाड्यावर एका म्हातारीचा वळू होता. पाड्याला तो एकच धड वळू, सगळ्या गायी त्याच्यावर अवलंबून. त्याच्या गळ्यात अर्थातच बिल्ला बांधला नव्हता. म्हातारीला ते लागलं. सायबाने सगळ्यांच्या जनावरांना मान दिला आणि आपल्याला वगळलं, असं तिने धरून घेतलं. शेजारणीचा गोऱ्हा त्याचा सात नंबरचा बिल्ला झटकत होता, म्हणून तिने तो मागून आणला, घासला, वर कुंकू लावलं आणि वळूच्या गळ्यात बांधला.

सकाळी मी ऐटीत वही धरून पुकारत होतो. सात नंबर आला. चौघांनी त्याला दोर लावून आडवा केला. जर्मन डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जर्मनमध्ये 'बरोबर' म्हणालो. त्या दोन महिन्यांत मी स्वतःहून उच्चारलेला तो बहुधा एकमेव जर्मन शब्द. काका खच्ची करायचा चिमटा घेऊन खाली बसले, तळवा शर्टाला पुसला आणि वर न बघता म्हणाले, "आधी नाव सांग."

"सरदार," म्हातारी कौतुकाने म्हणाली.

काकांनी चिमटा जमिनीवर ठेवला. पाड्यावरच्या कितीतरी वासरांचा बाप म्हणून ते नाव त्यांनी ऐकलं होतं. "सोडा त्याला," एवढंच ते म्हणाले. दोर सुटले. मी वही मिटली. जर्मन डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तेव्हा काकांनीच मला सांगितलं, "सांगा त्यांना, बिल्ल्याची गाठ सुटून अदलाबदल झाली." मी तसं सांगितलं. इंग्रजीत.

त्यानंतर काकांनी तो विषय कधी काढला नाही. पुढे मी शहापूरला एका कचेरीत बसू लागलो, तरी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जात राहिलो. जर्मन विसरलो. त्यांच्या शेजारी बसून मला बरं वाटायचं. ते मला फार आवडत होते आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दहाएक वर्षांनी आटगावला कोणीतरी सांगितलं की काका कल्याणच्या इस्पितळात आहेत. दुसऱ्या दिवशी केळी घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी म्हणालो, काका. मग म्हणालो, धसईकडचे, ढोरांच्या दवाखान्यातले. मग त्यांच्या शर्टाचं वर्णन करू लागलो.

"आधी नाव सांगा," कारकून म्हणाला.

मला 'फी' आठवत होता, त्याचं लिंग आठवत होतं, त्याला अनेकवचन नाही हेही आठवत होतं. मागे रांगेत धसईची एक बाई होती. ती हळूच म्हणाली, "काका परवाच गेले, दादा." आणि तिने त्यांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

ते नाव मी इथे लिहीत नाही. दहा वर्षं विचारलं नाही, आता मिरवू कशाला. पण त्या दिवशी खिडकीसमोर मी तळवा शर्टाला पुसला आणि ते एकदा म्हणून पाहिलं.