लातूर ते नांदेड, कंपाइल चालू

लातूरहून नांदेडला निघालेल्या एसटीत एक पोरगी माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर लिनक्सवाला लॅपटॉप, आणि पडद्यावर अक्षरांच्या ओळी सरसर वर पळत होत्या. तिला करायचं काहीच नव्हतं, तरी ती पापणी न लववता बघत होती आणि मधूनच खुदकन हसत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"घड्याळ कंपाइल करून राहिले, काका. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ दाखवणारं. मूळ कोड आणलाय, त्याचा प्रोग्राम हा लॅपटॉपच बनवून राहिलाय."

"तयार मिळत नाही?"

"मिळतंय की. एका मिनिटात बसतंय."

पुढच्या सीटवरची म्हातारी वळली. "काय दळून राहिलीस, माय?"

"हाव मावशी, दळणच हाय." पोरगी खूश झाली. "पीठ दुकानातबी मिळतंय. पण तुम्ही गिरणीत डबा ठेवून घरी जाता का?"

"न्हाई माय. दुसऱ्याची ज्वारी मिसळली तर?"

चाकूरलाच बॅटरी पाऊणवर आली. म्हातारी दर थांब्याला "झालं का?" विचारू लागली, मग कंडक्टरही. नांदेड येईतो अख्ख्या गाडीचा जीव त्या बॅटरीत अडकला होता.

झाकण मिटलं की काम थांबेल, म्हणून ती उघडा लॅपटॉप नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांवर धरून उतरली. गर्दीनं वाट दिली.

"किती वाजले?" मी मागून विचारलं.

"थांबा की काका, होऊनच राहिलंय."

माझी देगलूरची गाडी सुटायला आली होती आणि मनगटावर घड्याळही होतं. तरी मी थांबलो.