न अडखळल्याची लाज

जालन्याच्या मोटारतळावर पहाटे उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत भाच्याच्या तापाचं औषध होतं. धाकटी बहीण कुसुम भोकरदनला दिलेली. तिथं औषध मिळेना, म्हणून तिने आम्हाला पुण्याला पत्र टाकलं होतं. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी तळावर अर्धी बोली उर्दूच ऐकू येत होती.

खिडकीशी माझी पाळी आली. मी जन्माचा तोतरा, आणि शब्दाच्या सुरुवातीचा 'भ' माझा हाडवैरी. "भ... भ..." मागचे लोक कुजबुजू लागले. कानशिलं तापली. तोंडातून सुखाने सुटलं ते समोरच्या पाटीवरचं दुसरंच नाव, "टेंभुर्णी." तिकीट हातात पडलं. टेंभुर्णी भोकरदनच्या जवळच असेल, असं मी मनाला समजावलं आणि गाडीत बसलो. लाजेपुढे अक्कल गहाण पडते ती अशी.

टेंभुर्णीला कळलं की भोकरदनला इथून आज मोटार नाही. गाडीवाट दिवसभराची. तिकडेच सरकी पोचवायला निघालेल्या किसनराव नावाच्या शेतकऱ्याने बैलगाडीत जागा दिली.

"ब-ब-बसा, पाव्हणं."

मी दचकून पाहिलं. गडी माझ्याच जातकुळीचा! पण वाटेत भेटेल त्याला हा हाक मारायचा, ऐसपैस अडखळायचा, आणि लोक शब्द येईतो उभे राहायचे. दोन्हीकडे काळी रानं, जवारी (ज्वारी) हुरड्याला आलेली. दुपारी बाभळीखाली त्याने भाकरी अन् ठेचा पुढे केला आणि विचारलं, "भोकरदनला जायचं व्हतं, मंग इकडं कामून (का) आल्ते?"

मी खरं सांगितलं. तो हसला नाही.

"म-म-म्या दहा डाव अडकलो असतो. लोक हासले असते. प-पण दवा बराबर पोचली असती."

मी पिशवीतली औषधाची बाटली चाचपून पाहिली.

दिवेलागणीला पोचलो. पोर तापाने फणफणलेलं. कुसुम दारातच होती.

"दादा, किती वाट पाहिली! मोटार चुकली का?"

तिने सबब आयती हातात दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"भ... भ... भोकरदन म्हणता आलं नाही मला. दुसऱ्या गावचं तिकीट काढलं."

कुसुम बाटली घेऊन आत गेली. त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आजवर अडखळण्याची लाज वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदाच न अडखळल्याची वाटली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. माझी लाज काही उतरली नाही.

पुण्याला आल्यावर आईने विचारलं, "औषध वेळेवर पोचलं ना?"

मी सांगू लागलो आणि पहिल्याच वाक्यात अडलो. लहानपणापासूनच्या सवयीने आईने माझा शब्द पुरा करायला तोंड उघडलं. मी हात वर करून तिला थांबवलं. शब्द माझा होता, आणि उशीरही माझाच.