मृदंगाचा हात

माझ्या स्वभावात अभिमान जरा जास्तच आहे, हे आधी कबूल करून टाकतो. आदिलाबादकडच्या बोथजवळ आमच्या गावात दत्ताच्या देवळात दर गुरुवारी दिवेलागणीला भजन होतं आणि मृदंग माझा असतो. एकतीस वर्षांत एक गुरुवार चुकला नव्हता. कापूस वेचणीचे दिवस असोत की घरी सोयरे आलेले असोत, मी हातपाय धुऊन, मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून मांडी घालून बसलेला असायचो. राज्याच्या सीमेपलीकडच्या गावांतून लोक ऐकायला येत. हा उजवा हात देवाचा आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. हात देवाचा म्हणायचो आणि मिरवायचो मीच.

गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी सकाळी छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, सदरा घामानं चिंब झाला. बायकोनं शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि मला आदिलाबादच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळा आहे. एक आत्ताच उघडून स्टेंट बसवू, दुसरीचं दीड महिन्यानं बघू. उजव्या मनगटातून बारीक नळी घालायची होती. तेवढं ऐकलं आणि मी हात पांघरुणाखाली ओढून घेतला. नस दुखावली आणि थाप गेली तर मी कशाचा राहणार, हा एकच विचार डोक्यात होता. मनगटातून कमी धोका आहे, जांघेतून घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, असं डॉक्टरांनी समजावलं. बायको काकुळतीला आली. “अवो, जीव राह्यला तं मृदंग वाजवसान ना. द्या ना हात.”

मी ऐकलं नाही. छाती आवळत होती, वाद घालायला डॉक्टरांना वेळ नव्हता. शेवटी त्यांनी जांघेतूनच नळी घातली. स्टेंट नीट बसला, छातीवरचा धोंडा उतरला, आणि मला वाटलं, दत्तानं माझा हट्ट पुरवला. दुपारी नळी काढून वॉर्डात आणलं तेव्हा सिस्टरनं सहा तास पाय सरळ ठेवायला बजावलं. वॉर्डातल्या सुमनबाई फरशी पुसता पुसता दोनदा म्हणाल्या, “काका, पाय हालवू नोका बरं.” दुसऱ्या वेळी मी तोडून बोललो, “मले समजते, तुमी तुमचं काम करा.” त्या बादली उचलून पुढच्या खाटेकडे गेल्या.

दिवेलागण झाली. बायको खाली औषधं आणायला गेली होती. मनात गावातले टाळ वाजायला लागले. आमच्याकडे आडवं पडून देवाचं नाव घेतात ते शेवटचं, म्हणून झोपून भजन म्हणायला जीभ वळेना. सहा तास व्हायला अजून बराच वेळ होता. पण एवढ्यानं काय होतं, असं म्हणून मी उठलो आणि सवयीनं मांडी घातली. पहिलं नाव तोंडातून निघालं तोच मांडीशी काहीतरी गरम वाहिलं. चादर लाल झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली, हाक मारायलाही आवाज फुटेना.

सुमनबाईंची ड्युटी तेव्हा संपली होती. बस चुकली म्हणून त्या दुसरीची वाट पाहत माझ्या शेजारच्या खाटेचं स्टूल पुसत होत्या. फडकं टाकून त्या धावल्या, मला आडवं केलं आणि दोन्ही तळवे जांघेवर रोवून, कोपर सरळ करून सगळा भार दिला. सिस्टर धावत आली, सलाईन सोडलं, डॉक्टरांना निरोप धाडला. सुमनबाईंना म्हणाली, तुमचा हात नेमका जागेवर आहे, काढू नका. मला वाटलं, आटोपलं आता सगळं. मी लहान मुलासारखा रडलो. “बाई, माझा गुरुवार राह्यला वो.”

“मंग म्हना ना, झोपूनच म्हना,” त्या म्हणाल्या. “आमी जयभीमवाले, मले तुमचं भजन काई येत नाही. पन तुमचं होईपर्यंत मी हात नाही काढत.”

आयुष्यात पहिल्यांदा मी आडवं पडून दत्ताचं नाव घेतलं. घेत राहिलो. बाईंच्या कपाळावरचा घाम माझ्या पोटावर पडत होता, पण हात तसूभर सरकला नाही, भार कमी झाला नाही. हाताची पारख मला आहे. एवढा पक्का हात मी कोणत्याही मृदंगवाल्याचा पाहिलेला नाही. डॉक्टर आले तोवर रक्त थांबत आलं होतं. पुढे तीन आठवडे मांडी काळीनिळी होती.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडले. माझ्या बोलण्याची माफी मागितली आणि म्हणालो, तुमच्या रूपानं दत्तच आले. त्या हसल्या. “दत्त कायचे, काका. इतके वर्षं सिस्टरसंगं असंच दाबून राह्यली, हात शिकला.” बस कोणी चुकवली, हे मी त्यांना विचारलं नाही. त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं देऊन ठेवलं आहे.

दीड महिन्यानं दुसऱ्या वाहिनीसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारायच्या आधीच उजवा हात पुढे केला. देवाचा म्हणतो तर देवाच्या हवाली करायला इतका वेळ का लागला, याची लाज वाटली. मनगटावर तिळाएवढा डाग राहिला आहे. आता लोकांना मी तोच दाखवतो, आणि सुमनबाईंची गोष्ट सांगताना मान ताठ होते.

डॉक्टरांनी वाजवायची परवानगी दिली त्या गुरुवारी सुमनबाईंना गावी बोलावलं होतं. त्या दारापाशी बसल्या, मी त्यांना पुढे मृदंगाजवळ बसवलं. बायको कणीक मळून घेऊन आली.

“किती वेळ चालते हे?” सुमनबाईंनी हळूच विचारलं.

“तुमी हात काढ म्हनसान तोपर्यंत,” मी म्हणालो आणि थाप मारली.