गॅस आहे म्हणे!
सुनेने नातीच्या बेंबीला हिंग लावला आणि त्या वासाने माझं डोकंच फिरलं. मुलगा अकरावीत असताना गोडादरा भागातल्या आमच्या घरी एका सकाळी पोट धरून ओकायला लागला. मीही हिंगच लावला, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. "खाली, अंडात दुखतंय," पोरगा लाजत म्हणाला. मेल्याने कपडे काढून बघितलंसुद्धा नाही. "गॅस आहे" म्हणत सुई टोचली. संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात कळलं, अंडाला पीळ पडून रक्त बंद झालेलं. सकाळीच ऑपरेशन झालं असतं तर वाचलं असतं. मग ते काढावंच लागलं. मी केस करायला निघाले, तर दीर आडवे आले. "वहिनी, गावभर बोंब होईल. पोराला मुलगी कोण देईल?" सगळ्यांनी मला गप्प बसवलं. मुलगी मिळाली, नातही झाली. केसची मुदत तेवढी संपली, आणि तो मेला डॉक्टर अजून न बघताच सुया टोचतोय.