पाणी पुढं जाईपर्यंत

वीज खात्यात मी वायरमन आहे. बाई असले तरी हुद्दा तोच. सुरुवातीला खांबाखाली माणसं जमायची, बाई वर चढते कशी ते बघायला. आता त्यांनाही सवय झाली आणि मलाही.

माझं माहेर भीमेच्या काठावर, शिरूरच्या बाजूला. पलीकडचा काठ दौंडचा. लग्नानंतर मी कारेगावात आले. नवरा रांजणगावला एका कंपनीत शिफ्टवर जातो. आमच्या चाळीत एका ओळीनं खोल्या आहेत, दर दोन वर्षांनी मालक वर आणखी एक मजला चढवतो, आणि नळ मात्र सगळ्यांत मिळून खाली एकच. माझ्या ड्युटीचा सेक्शन नेमका माहेरच्या काठाला आला. सोय झाली, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

त्या वर्षी एप्रिलातच नदी तळाला गेली. डोहात तेवढं हिरवं पाणी राहिलं. मग ठरलं की डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं धरणाचं पाणी बोगद्यातून आणि कालव्यातून आणून आमच्या नदीत सोडायचं. ते आमच्यासाठी नव्हतं. आमच्या नदीतून ते फक्त जाणार होतं. खालच्या अंगाला नदीतून पाणी उचलणारी मोठी विहीर आहे, तिथून ते कारखान्यांच्या आसपास वाढत चाललेल्या वस्त्यांना जाणार होतं. म्हणजे माझ्या चाळीच्या नळालासुद्धा.

वाटेत ते कुणी उचलू नये म्हणून बंधाऱ्यांचे पाणी अडवणारे लोखंडी ढापे काढून टाकले, आणि काठावरच्या मोटारींची लाईट तोडायचं काम आमच्याकडं आलं. पाणी पुढं जाईपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा दिवस. यादीत आमच्या आप्पांची डीपी, म्हणजे त्यांच्या आणि शेजारच्यांच्या मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, तोही होता. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमच्या बौद्धवस्तीतल्या दोन-तीनच घरांची जमीन नदीला लागून आहे, त्यातलं एक आमचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दीड एकर पेरू लावला आणि एकेका झाडाला नाव द्यावं तशी ती बाग सांभाळली.

सकाळी निघायच्या आधी मी त्यांना फोन केला.

"आप्पा, आज आपली डीपी हाय."

"कोन येनार हाय?"

"मीच."

मग म्हणाले, "खात्याचं काम हाय. कर." आणि फोन ठेवला.

माझ्याबरोबर चाचा होते. शिरूर गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, त्यांचे वडीलही खात्यातच होते. सगळा तालुका त्यांना चाचाच म्हणतो. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, साखरेचा त्रास, म्हणून खांबावर मी चढायचे आणि खालचं सगळं ते बघायचे. त्यांनी मला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवली होती, "तार मेलीय असं कुनी सांगितलं तरी ती जित्तीच हाय असं समजायचं."

तो दिवस मात्र नियमानं चाललेला नव्हता. खरं तर सबस्टेशनवरून सगळा फीडर, म्हणजे या भागाकडं येणारी मुख्य लाईन, बंद घ्यायचा असतो. पण त्याच फीडरवर गाव, पिठाची गिरणी, दूध डेअरी सगळं होतं, आणि दिवसात खूप डीपी उरकायच्या होत्या. साहेब फोनवर म्हणाले, "हँडल पाडा आणि काम करा." हँडल म्हणजे खांबाला कमरेएवढ्या उंचीवर असलेला लोखंडी दांडा. तो खाली ओढला की पुढची लाईन बंद, वर ढकलला की चालू. त्याला कुलूप घातलं तरी आम्ही गेल्यावर लोक दगडानं फोडायचे, म्हणून तर डीपीवर चढून तारेचे जोड, ज्याला आम्ही जंप म्हणतो, ते सोडवावे लागत होते. तारेला जमिनीशी जोडून ठेवणारा आमचा रॉड आठवड्यापूर्वी मोडला होता. दुसरा मागितला होता, आला नव्हता. म्हणजे सगळी भिस्त त्या एका हँडलवर.

हँडल आणि आप्पांची डीपी यांच्यात दोन उसाचे फड होते. चाचांनी दांडा खाली ओढला, कुलूप घातलं आणि तिथंच बांधावर बसले. मला म्हणाले, "मी हितनं हलत न्हाई. तू जा."

डीपीखाली दहा-बारा माणसं आधीच जमली होती. खांबाला पाठ लावून आक्का बसली होती. आक्का आमच्या भावकीतली नाही, पण लहानपणापासून सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. एकटी बाई. शेडनेटखाली वांग्या-मिरचीची रोपं तयार करून विकायची. रोपांना दिवसातून दोनदा पाणी लागतं, एक दिवसही चुकवून चालत नाही.

"उठ आक्का," मी म्हणाले.

"न्हाई उठत. माझी रोपं बघितलीस का? परवा गाडी भरायची हाय. पंधरा दिस लाईट न्हाई म्हंजी काय करू, वर बघत बसू?"

"वरून आदेश हाय. मी काय करनार?"

"तू हितली हाईस ना? ह्याच नदीत पवायला शिकलीस. आन् आता आमचंच पानी तोडाया आलीस व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तिचं घर आता कारेगावात हाय. पानी तिकडंच चाललंय. तिला काय?"

ते लागलं, कारण ते खरं होतं. आप्पा गर्दीच्या कडेला, पेरूच्या पहिल्या ओळीजवळ उभे होते. हात मागे बांधलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि त्या माणसालाही काही बोलले नाहीत.

मी आक्काच्या शेजारून चढायला लागले. तिनं मला अडवलं नाही, पण बाजूलाही सरकली नाही. माझा बूट तिच्या खांद्याला घासून गेला.

वर पोचले, बेल्ट अडकवला, हातमोजे घातले. वरून नदी दिसत होती. पाणी आलं होतं. गढूळ, वेगात, काठाला न शिवता मधल्या वाटेनं चाललेलं. इतके दिवस कोरड्या पडलेल्या नदीत पाणी बघूनही खालच्या माणसांना आनंद होऊ नये, असं मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ आला. दौंडच्या काठावर एक पाईप धो धो पाणी ओततोय.

"बघा! पल्याड लाईट चालू हाय! आमचीच तोडत्यात!"

मी वरून पलीकडं बघितलं. झाडीत काळा धूर दिसत होता.

"लाईट न्हाई ती," मी ओरडले. "डिझेल इंजिन हाय. धूर दिसतोय मला!"

"मंग काय झालं? पानी उचलतोयच की! त्याला कोन इचारतंय?"

चार-पाच जण गर्दीतून फुटले आणि उसाच्या बांधानं हँडलच्या दिशेनं पळाले. "आम्ही बी चालू करतो!" असं एक जण पळता पळता म्हणाला. मला वाटत नाही की त्याच्या मनात मी होते. रागात माणसाला एकच गोष्ट दिसते, आणि त्याला तेव्हा फक्त मोटर दिसत होती.

माझा हात जंपच्या बोल्टवर होता. खाली उतरायचं तर आधी बेल्ट सोडायचा, मग डीपीच्या चॅनेलवरून पाय काढायचा, मग खांबाची पायरी शोधायची. रोज करते तसं सावकाश केलं तर दोन मिनिटं. मी बेल्टचा हूक धरला आणि बोटं मोज्यातून नीट वळेनात. एक मोजा काढून खाली टाकला. हूक निघेना.

उसाच्या शेंड्यांवरून मला हँडलचा खांब दिसत होता. खालच्या कुणालाच तो दिसत नव्हता. चाचा उभे राहिले होते. माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. मग एकानं दगड उचलला, कुलपावर हाणला. आवाज माझ्यापर्यंत उशिरा आला. पुढं कुणाचे तरी दोन हात दांड्यावर दिसले आणि त्या हातांच्या वर एक सगळं अंगच लटकलेलं दिसलं. दांडा हलत होता. कोण काय करतंय ते कळत नव्हतं.

"हँडल!" मी ओरडले. "हँडल सोडायला सांगा! मी वर हाय!"

माझा आवाज चिरकला. तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. खालची माणसं माझ्याकडं नुसती बघत राहिली. त्यांना दोन फडांपलीकडचं काही दिसत नव्हतं, त्यामुळं मी काय म्हणतेय ते कळायला वेळ लागला. सगळ्यात आधी ते आक्काला कळलं. ती खांबाजवळून उठली, बांधावर चढली आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडली. शाळूतली पाखरं हाकून तयार झालेला आवाज तो.

"पोरगी खांबाव हाय रं! हँडलला हात लावू नगा! पोरगी खांबाव हाय!"

उसात कुणीतरी गवत कापत होतं, त्यानं तेच ओरडून पुढं सांगितलं. मग आणखी कुणी. माझ्याच जिवाची बातमी अशी शेतातून पुढं जाताना मला ऐकू येत होती. आप्पा केव्हाच पळत सुटले होते. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, तो उसाच्या सऱ्यांतून आडवा पळत होता. मला वरून नुसते उसाचे हलणारे शेंडे दिसत होते.

दांडा थांबला. माणसं मागं सरली.

हूक एकदाचा निघाला आणि मी खाली उतरले. आक्कानं तांब्या पुढं केला. मी प्याले. थोड्या वेळानं आप्पा चाचांना धरून घेऊन आले. दोघांच्या हातापायांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. तेव्हा कळलं की दांड्यावर लटकलेलं अंग चाचांचं होतं. कुलूप फुटल्यावर माणसांनी दांडा वर ढकलायला घेतला, तसे चाचा त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून पाय उचलून लोंबकळले. "तेवढं वजन हाय माझं," ते म्हणाले. त्यांचा शर्ट काखेत फाटला होता. ढकलणारा माणूस त्यांच्या मागोमाग आला होता. त्यानं माझ्याकडं बघून हात जोडले.

आता कुणी मला अडवलं नसतं, परत वर चढायला सांगितलंही नसतं. चाचांनी साहेबांना फोन लावला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. "फीडर मागनं बंद घ्या. नाहीतर आम्ही दोघंबी निघालो घरी." फीडर बंद झाला. सबस्टेशनवरून फोन आला, खात्री झाली.

आणि मी परत वर चढले.

हे मी कधी कुणाला नीट समजावू शकले नाही. ज्या बाईनं माझ्यासाठी घसा फोडला, तिच्या डोळ्यांदेखत मी तिन्ही जंप सोडवले. तिची लाईट गेली, आप्पांची गेली, सगळ्यांची गेली. कुणी शिव्या दिल्या असत्या तर उतरणं सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी कारेगावात नळाला पाणी आलं. शेजारच्या खोलीतली बिहारची बाई जिन्यातूनच हाका मारत होती, "दीदी, पानी आ गया, जल्दी आओ!" तिचं दीड वर्षांचं लेकरू पाण्याच्या धारेखाली हात धरून हसत होतं. त्या बाईचं काय चुकलं होतं? मी माझा ड्रम भरला, तिचाही उचलून वर नेला.

त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिलाच.

"नळाला पानी आलं का?"

"आलं."

"भरून ठेव. परत कवा येईल सांगता येत न्हाई." मग म्हणाले, "पेरूला टँकर सांगितलाय एक. झाडं जगतील. फळ न्हाई येनार औंदा."

त्या पळण्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत. डॉक्टरकडं गुडघा दाखवायला मीच नेलं, तेव्हा डॉक्टरनं विचारलं, काय केलंत? आप्पा म्हणाले, घसरलो.

पंधरा दिवसांचे अठरा झाले. लाईट जोडायला मी गेले. जोडून झाल्यावर आक्काच्या शेडनेटमध्ये गेले. ट्रेमधली रोपं वाळून त्यांचा रंग तपकिरी झाला होता. ती एकेक ट्रे उपडा करून माती वेगळी काढत होती. मी म्हणाले, "आक्का, त्या दिवशी तू ओरडली नसतीस तर..."

"मी वरडले ते वरडले," ती म्हणाली. "कोनीबी वरडलं असतं. त्याचं काय घेऊन बसलीस? पन लाईट तू तोडलीस, ती बी तोडलीसच. दोन्ही खरं हाय."

"व्हय."

"पुढच्या साली परत पानी सोडनार का?"

"सोडतील. तिकडं माणसं वाढत चालल्यात."

"तवा आधी चार दिस सांगायचं. नोटीस न्हाई, तू सांगायचं. म्हंजी मी रोपांचं बी टाकनार न्हाई."

मी कबूल केलं. दरवर्षी खात्याचं पत्र यायच्या आधी, जे काही कानावर येतं ते मी तिला कळवते. खात्याला हे ठाऊक नाही. लाईट जोडली त्या दिवशी निघताना तिनं मला परत बोलावलं. तिची मोटर चालू होत नव्हती. इतके दिवस बंद राहून स्टार्टरमध्ये मुंग्यांनी माती भरली होती. मी बॅगेतून ब्रश काढला आणि खाली बसून तो साफ करायला घेतला. आक्का शेजारी उभी राहून, मी कुठली वायर कुठं लावते ते नीट बघत होती.